हातात दे

सीताफळाचा हंगाम आला की माझं डोकं फिरतं. इतरांना या दिवसांत दिवाळी आठवते, मला माणसांच्या तोंडून थुंकलेल्या काळ्या बिया आठवतात. नारायणगुड्याच्या चौकात ती तेलुगू बाई यंदाही टोपली घेऊन बसली आहे. मी नुसती उभी राहिले तरी ती एक पिकलेलं फळ उचलते, माझ्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, "चूडंडी अम्मा, मेत्तगा उंदी." मऊ आहे, बघा. तिला माझी जात माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायला तिला वेळही नाही. तिची बोटं माझ्या तळहाताला लागतात आणि मला दरवर्षी तोच एक माणूस आठवून राग येतो. वय ऐंशीच्या पुढं गेलं. राग निवायला हवा होता म्हणतात. ज्यांना म्हणायचं ते म्हणोत.

त्या वर्षी, छप्पन साली, सगळं हैदराबाद हिशेबाला बसलं होतं. स्टेट मोडणार, तिचे तीन वाटे होणार, मराठवाडा मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं आणि आम्ही जिथं राहत होतो ते आंध्राकडं. आबिड्सच्या पोस्टापुढं, अफझलगंजच्या दुकानांत, पाण्याच्या नळावर एकच बोलणं: तुम्ही जाणार की राहणार? एका भाषेची माणसं एका राज्यात, असं भाषणांत सांगत. ऐकायला किती गोड. माझ्या भावाच्या शाळेच्या बास्केटबॉल संघातली सगळी पोरं एकाच भाषेची होती. मराठवाड्यातून आलेल्या घरांतली, कुणाचा बाप कचेरीत, कुणाचा कापडाच्या दुकानात. माझा भाऊही त्याच भाषेचा. आमची माय तर त्यांच्या आयांपेक्षा जास्त ओव्या जाणायची. पण भाषा एक असून पेला एक नव्हता, आणि त्याबद्दल कुठल्या भाषणात कुणी चकार शब्द काढला नाही.

दादाचं नाव लक्ष्मण. आम्ही परभणीकडचे, तेव्हा महार म्हणवले जाणारे. बा सरकारी छापखान्यात कामाला लागला आणि आम्ही मुसी नदीच्या काठाला, अफझलगंजच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांत राहायला आलो. दादा आणि मी नारायणगुड्याला शाळेत जायचो. दादा उंच. नुसता उंच, बाकी काही नाही. चालताना स्वतःच्याच पायात अडकायचा. शाळेचे ड्रिलमास्तर हमीदसाहेब. त्यांनी एकदा त्याला रांगेत उभा पाहिला आणि मैदानावर ओढून नेला. "इत्ता लंबा छोकरा बैठ के क्या करता? बास्केट में हाथ डाल के आता उनो!" असं म्हणाले. संघाचा कप्तान होता माधव. गोरा, चुणचुणीत, बाप मोठ्या हुद्द्यावरचा. मैदान मातीचं, चुन्याच्या रेषा मारलेलं. कडेला चिंचेचं झाड होतं आणि शाळा सुटली की मी तिथं दप्तर मांडीवर घेऊन दादाची वाट बघत बसायची.

पहिले काही आठवडे मी लाजेनं मान खाली घालून बसले. बॉल दादाकडं यायचा तो जमिनीवर आपटून, कधी गुडघ्याला लागायचा, कधी नाकावर. चामड्याचा जड बॉल, वादीनं शिवलेला. नाकातून रक्त आलं तरी दादा हसायचा आणि पोरंही हसायची. एकदा त्या बॉलची शिवण उसवली तेव्हा माधवनं तो दादाच्या पायाशी लोटला. "तुमच्याकडं शिवून देणारं कुणी असेल ना?" त्याला वाटलं, खालची माणसं सगळी एकच. आमच्या घरात कुणी कधी चामडं शिवलं नव्हतं. दादा मुकाट अफझलगंजला गेला, एका मोच्याकडून शिवून आणला आणि वर "कसा टणक झालाय बघा" म्हणून सांगू लागला. मला तर तो बॉल माधवच्या डोक्यात घालावासा वाटत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर दादा मला नदीच्या पायऱ्यांवर न्यायचा. फुटपाथवरून घेतलेला एक रबरी चेंडू होता. त्या पायऱ्यांचे दगड झिजून वेडेवाकडे झालेले. मी चेंडू जोरात दगडावर आपटायची आणि तो कुठं उडेल याचा नेम नसायचा. दादा वाकून, पाय फाकवून, हात जमिनीलगत ठेवून उभा राहायचा. "अजून वाकडा टाक शांते, अजून वाकडा!" पलीकडं धोबी कपडे आपटत असायचे, पाण्याला साबणाचा आणि चिखलाचा वास यायचा, आणि अंधार पडून चेंडू दिसेनासा झाला की माय वरून हाक मारायची. हळूहळू त्याच्या हातून चेंडू सुटेनासा झाला. नंतर मी कितीही लबाडी केली तरी सुटायचा नाही.

मग मैदानावरचं चित्रच पालटलं. बॉल जमिनीवरून उसळला की दादा धावता धावता तो गुडघ्याखालून उचलायचा, समोरच्या पोराच्या काखेखालून निसटायचा आणि थेट जाळीपाशी उभा. हात नुसता वर केला की काम झालं. समोरचे बघत राहायचे. त्याच्या आधी त्या संघातला जो तो आपलाच नेम धरायचा आणि हरून घरी जायचा. आता सगळ्यांच्या नजरा दादाला शोधू लागल्या. कुठं थांबायचं, कधी सोडायचं, कुणी कुणाला वाट करून द्यायची हे त्या पोरांना कळायला लागलं. ज्या संघांना बघून ही पोरं घाबरायची ते संघ आता यांना विचारून सामन्याची वेळ ठरवू लागले. माधव टप्पा असा मोजून द्यायचा की बॉल बरोबर दादाच्या हाताखाली उसळायचा. दादा घरी येऊन त्याचंच कौतुक करायचा. "शांते, माधवसारखा टप्पा अख्ख्या हैदराबादेत कुणी देत नाही!" हमीदमास्तर तर खूश होऊन ओरडायचे, "लछमन कू नीचे से देओ! नीचे से! ये टप्पा अपने टीम की जान है मियाँ!" बिचाऱ्या मास्तरांना काय ठाऊक.

जिंकल्यावर सगळे आबिड्सच्या इराण्याकडं जायचे. तिथं दादा त्यांच्याच टेबलाला बसायचा, तसलाच कप, तसलीच बशी. मला खारी बिस्किटं आणायचा आणि कोण काय बोललं ते सांगायचा. पण गणपतीत माधवच्या घरी संघाला जेवण होतं तेव्हा दादाचं पान बाहेर ओट्यावर मांडलं. माधवची आई वाढायला आली तीही पोळी वरून टाकून गेली. म्हणजे परक्या भाषेच्या हॉटेलात बरोबरीनं आणि आपल्या भाषेच्या घरी ओट्यावर. दादा ते सांगताना म्हणाला, "ओट्यावर वारा छान होता गं." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्याच दिवसांत माय पहिल्यांदा सामना बघायला आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढून माझ्याशेजारी चिंचेखाली बसली. दादानं त्या दिवशी कमाल केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण मायनं एकदाही टाळी वाजवली नाही. परत येताना पुलावर ती थांबली.

"लक्ष्मणा, ते तुला बॉल देत न्हाईत लेका."

"अगं सगळा वेळ मलाच तर देतात!"

"देत न्हाईत. खाली ठेवतेत."

दादा हसायला लागला. माय हसली नाही. "गावाकडं वाणी मला मीठ कसं द्यायचा? उंबऱ्याबाहेर दगडावर ठेवायचा. मी उचलायची. पाणी वरून आन बाकी समदं खालून. हातात कुणी काय दिलं न्हाई आजवर."

"माय, हा खेळ आहे! खेळात तसं नसतं."

"नसंल तर बरंच हाय. उद्या बघ, बाकीच्यांना कसं देतेत."

दुसऱ्या दिवशी दादानं बघितलं की नाही मला माहीत नाही. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बघितलं. माधव गोविंदाला छातीसमोरून सरळ हातात द्यायचा. गोविंदा दिगंबरला डोक्यावरून हातात द्यायचा. खेळ थांबला असताना बॉल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सहज जायचा, गप्पा मारता मारता. दादाची पाळी आली की बॉल जमिनीला लागायचा. दोन हातांच्या अंतरावर उभा असला तरी लागायचा. कुणी तसं ठरवलं नव्हतं हो! ठरवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यांच्या हातांनाच ते ठाऊक होतं, जसं आपल्याला न बघता तोंडात घास घालता येतो. त्या पोरांनी माझ्या भावाला शिवायचं टाळलं आणि माझ्या भावानं त्या टाळण्यातून विद्या उभी केली. आणि शहर त्याला म्हणत होतं, मराठी पोरांचा टप्पा!

त्या दसऱ्याला बा नागपूरला गेला. अख्खा मुलूख लोटला होता म्हणे. परत आला तो पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून, आवाज बसलेला आणि मान अशी ताठ की मला क्षणभर बा वाटलाच नाही. घरातले जुने देव त्यानं कापडात बांधले आणि मुसीत सोडून आला. मग आम्हा सगळ्यांना समोर बसवून म्हणाला, "आजपासून कुणापुढं वंजळ धरायची न्हाई. देणाऱ्यानं हातात द्यावं, न्हाईतर ठेवावं आपल्यापाशी." त्या संध्याकाळी पायऱ्यांवर मी चेंडू आपटायला हात उचलला तर दादा म्हणाला, "आज आपटू नको. हातात दे." मी दिला. त्याच्या हातून सुटला. वरून, सरळ, अलगद आलेला चेंडू त्याला धरता येईना, कारण तसा कुणी कधी टाकलाच नव्हता. आम्ही दोघं तिथंच पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

मैदानावर त्यानं माधवला तसं सांगितलंही. मी झाडाखालून ऐकलं. "मला वरूनही देत जा ना. हातात." माधव मनापासून हसला. "अरे वेड्या, टप्पा तर तुझी खासियत! ती कशाला सोडतोस?" खरं सांगते, तो खोटं बोलत नव्हता. तोपर्यंत त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता, आणि मला त्याच्या त्या विश्वासाचाच जास्त राग येतो. हमीदमास्तर म्हणाले, "चलती गाडी कू काइकू रोकते? फाइनल के बाद देखेंगे." फायनलनंतर बघायला तिथं कोण उरणार होतं? ऑक्टोबर संपला की स्टेट संपणार होती. माधवच्या घरी ट्रंका भरल्या होत्या.

फायनल सिकंदराबादच्या संघाशी होती, आमच्याच मैदानावर. माय सीताफळांची टोपली घेऊन आली. जिंकल्यावर पोरांना वाटायची म्हणून पहाटे बाजारात जाऊन एकेक फळ दाबून निवडलेली. सालीच्या फळाला विटाळ नसतो हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून लाडू केले नाहीत. मला ते उमगलं तेव्हा तिच्याकडं बघवेना.

सिकंदराबादची पोरं हुशार. त्यांनी आमचे सामने बसून बघितले होते. ती सुरुवातीपासून वाकून, हात खाली सोडून उभी राहिली. टप्पा पडला की त्यांचा हात आधी. एक गेला, दुसरा गेला. तरी दादानं ओढत ओढत सामना आणला, कारण दुसऱ्यांच्या हातून सुटलेले बॉलही तोच उचलत होता. शेवटी आपण एका गुणानं मागे आणि बॉल माधवच्या हातात. दादा जाळीखाली एकटा. त्याच्याजवळ कुणी नव्हतं, सगळे वाटेत वाकून बसलेले. त्यांच्या डोक्यावरून सगळं आभाळ मोकळं होतं. दादानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "हातात दे, माधव! हातात!"

माधवनं बघितलं. मी शपथेवर सांगते, त्यानं बघितलं, ऐकलं, बॉल छातीशी वर घेतला. आणि टप्पा दिला.

सिकंदराबादच्या पोरानं तो वाकून सहज उचलला. शिट्टी वाजली. दादाचे हात कितीतरी वेळ तसेच वर होते.

मग सुरू झाल्या चोराच्या उलट्या बोंबा. "मध्येच ओरडायला कुणी सांगितलं होतं? गोंधळ झाला ना माधवचा!" "टप्प्याला नाही म्हणतो हा! डोक्यात हवा गेली." "नागपूरची हवा." हे बोलणारी पोरं आमच्याच चिंचेखाली बसली होती आणि बोलता बोलता मायच्या टोपलीतली सीताफळं खात होती. भूक लागली होती ना! फळ फोडायचं, गर चोखायचा, बिया थू करून टाकायच्या आणि माझ्या भावाला बोलायचं. माय उभी होती. टोपली रिकामी झाली तशी तिनं ती उचलली, झटकली आणि काखेला मारली. हमीदमास्तर तेवढे दादाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नक्को रो बेटा." दादा रडत नव्हता. मी रडत होते, आणि ते दुःखानं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात स्टेट मोडली. माधव औरंगाबादला गेला, गोविंदाही गेला, दिगंबरचं दुकान इथंच राहिलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, छापखाना जिथं तिथं आम्ही. दादा पुढं कारकून झाला. वस्तीत एका खांबाला लोखंडी कडं बांधून त्यानं पोरांना शिकवलं. मराठी, तेलुगू, मुसलमान, जो येईल त्याला. टप्पाही शिकवला, पण सगळ्यात शेवटी. मीठ हातात दिलं की भांडण होतं म्हणतात. दादा जेवताना मीठही हातात द्यायचा. "होऊ दे भांडण," म्हणायचा. त्यानं माधवबद्दल वाईट शब्द काढला नाही कधी. ते काम त्यानं माझ्यावर सोडलं असावं. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हे सगळं पुन्हा उपसायचं कारण म्हणजे परवाचा कार्यक्रम. इथल्या मराठी मंडळींनी जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला होता. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी. नातू सोडायला आला. त्याला पाटीवरचं मराठी धड वाचता येईना. "आजी, ये क्या लिखा?" म्हणून विचारत होता. प्रमुख पाहुणे पुण्याहून आलेले माधवराव. काठी टेकत आले, अजून गोरे, अजून चुणचुणीत. भाषण छान केलं. म्हणाले, "आमच्या संघानं त्या काळी टप्प्याचं एक खास तंत्र विकसित केलं होतं. लक्ष्मण हा त्या तंत्राचा हिरा. आम्ही त्याला घडवलं." आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तर अशा! लोक माना डोलावत होते. मी खुर्चीत हातावर हात दाबून बसले होते.

मग माझं नाव पुकारलं. मला उठायला वेळ लागतो म्हणून मंचावरच खुर्ची दिली होती, पुढ्यात छोटं टेबल. कुणीतरी ताट धरलं. माधवरावांनी शाल आणि नारळ उचलला, माझ्यासमोर आले, हसले, आणि दोन्ही टेबलावर ठेवून नमस्कार केला.

वय झालंय, हात थरथरतात, म्हणून ठेवलं असेल. असेल. मला ते तपासत बसायचं नव्हतं.

"हातात द्या," मी म्हटलं.

सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड हसून म्हणाली, "आजी, ठेवलंय की समोर."

"दिसतंय मला. हातात द्या."

माधवरावांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा म्हातारीकडं बघावं तसं आणि मग तसं नाही. ते दोन शब्द त्यांनी कुठं ऐकले होते ते त्यांना आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सरळ सरकताना मला दिसलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. मी दोन्ही हात पुढं केले आणि तसेच धरून ठेवले. दुखायला लागले तरी खाली घेतले नाहीत.

त्यांनी काठी बाजूच्या माणसाकडं दिली. वाकून नारळ उचलला, शाल उचलली आणि दोन्ही माझ्या हातांत दिली. त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागली. थंड, मऊ, म्हाताऱ्या माणसाची बोटं. काही झालं नाही. कुणी बाटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"बघ, एवढंच होतं, माधव," मी म्हटलं.

माईक चालू होता.